कॅम्पर गाडीतली दुसरी बॅटरी आणि न लावलेला फ्यूज

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत कॅम्पर गाड्यांवर पानभर लेख आला होता. मी तो दोनदा वाचला कारण आमच्याकडेही अशी गाडी आहे. फोटो छान होते, पडदे, गादी, फोल्डिंगचं टेबल, मागचं दार उघडलं की समोर समुद्र. पण त्या अख्ख्या पानात वायरिंगबद्दल एकच ओळ होती, मागे एक जादा बॅटरी बसवून घेतली की लाईट-पंख्याची सोय होते एवढीच. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितोय, थोडं लांबेल पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

मी आयटीआयला २७ वर्षं वायरमन ट्रेड शिकवला. रिटायर झाल्यावर आम्ही दोघांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि एका वर्कशॉपकडून तिची कॅम्पर करून घेतली. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनी जे केलं तेच मी नंतर आणखी चार-पाच गाड्यांत बघितलंय, त्यामुळे एकट्याला धरण्यात अर्थ नाही. मागे पलंगाखाली १५० एएचची (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो त्याचं माप) बॅटरी, पुढे गाडीची मूळ बॅटरी, आणि दोन्हीच्या मधे फ्लोअरच्या प्लायवूडखालून नेलेली सहा एमएमची (म्हणजे तांब्याची जाडी सहा चौरस मिलिमीटर) वायर, घरात गिझरच्या लाईनला किंवा मेनला वापरतो ना, तीच. फ्यूज होता, १०० अँपियरचा, मागच्या बॅटरीजवळ. मी विचारलं पुढच्या बॅटरीजवळ फ्यूज कुठाय, तर मिस्त्री म्हणाला सर एकाच वायरला दोन फ्यूज कशाला, एक आहे की. आणि मी, ज्याने आयुष्यभर पोरांना फ्यूज शिकवला, ते ऐकून गप्प बसलो, कारण घरच्या वायरिंगमधे खरंच एका लाईनला एकाच बाजूने सप्लाय येतो आणि त्या बाजूला एक फ्यूज लावला की काम झालं. या वायरला दोन्ही बाजूंनी सप्लाय आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि या पत्रात मला मुख्य सांगायचंय ते हेच.

झालं काय ते सांगतो. पावसाळा संपल्यावर मिरजेहून तारकर्लीला निघालो होतो, कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरत होतो. अर्ध्या घाटात सौ. म्हणाल्या काहीतरी जळाल्यासारखा वास येतोय. मला वाटलं ब्रेक तापले असतील, उतार होता. पुढच्याच वळणावर मागे बघितलं तर पलंगाच्या खालून पांढरा धूर. गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, किल्ली बंद केली, सौ.ना खाली उतरवलं. धूर थांबेना. किल्ली बंद केली तरी थांबेना! कसा थांबेल, वायरचा तो भाग किल्लीने तुटतच नव्हता, तो सरळ पुढच्या बॅटरीवरून आलेला. मग सीटखालच्या कप्प्यातून दहा नंबरचा पाना काढला आणि पुढच्या बॅटरीचं मायनसचं टर्मिनल सोडवलं, नट गंजून बसलेला, हात कापत होते, दोन मिनिटं तरी गेली असतील. टर्मिनल निघालं तसा धूर हळूहळू कमी झाला. दोन किलोचा पावडरचा सिलिंडर गाडीत होता तो प्लायवूडच्या फटीतून मारला. मागे पाच किलोची गॅसची टाकी होती आणि फोमची गादी. ते आठवलं की अजून रात्री जाग येते.

नंतर कणकवलीला एका गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे प्लाय उचकटून बघितलं. वायर जिथे फ्लोअरच्या चॅनलच्या भोकातून गेली होती तिथे भोकाला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायची रिंग) नव्हतं, पत्र्याची कच्ची धार, गाडी हजार-दोन हजार किलोमीटर हलून हलून त्या धारेने वायरचं प्लॅस्टिक कापलं आणि तांबं बॉडीला टेकलं. बॉडी म्हणजे मायनस. झाला शॉर्ट. मागचा १०० अँपियरचा फ्यूज तिथल्या तिथे उडाला होता, त्याने आपलं काम चोख केलं, मागची बॅटरी सुटली. पण शॉर्टला पुढची बॅटरीही करंट देत होती आणि त्या बाजूला काहीच नव्हतं. चांगली भरलेली लेड ॲसिड बॅटरी डेड शॉर्टमधे काही क्षण हजार अँपियरच्या घरात करंट देऊ शकते. सहा एमएमची वायर त्यापुढे हीटरच्या कॉईलसारखी होते. तीन फूट वायरवरचं प्लॅस्टिक वितळून गेलं होतं आणि प्लायवूड खालून कोळसा.

तर साहेब, दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या वायरला दोन फ्यूज, एक या बॅटरीपासून वीतभर अंतरात आणि एक त्या बॅटरीपासून वीतभर अंतरात. मधे नाही, सोयीच्या जागी नाही, बॅटरीजवळ. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधला जो वायरचा तुकडा आहे त्याला कोणाचंच संरक्षण नाही म्हणून तो जितका छोटा तितका बरा. आणि फ्यूज वायरला वाचवायला असतो, पंख्याला किंवा फ्रीजला नाही, म्हणून त्याचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरवायचा. वायर झेपवू शकते त्याच्या आतला. आमच्या सहा एमएमला १०० चा फ्यूज हाही चुकीचाच होता, डेड शॉर्टला तो उडाला, पण नुसता जास्त करंट बराच वेळ गेला असता तर तो उडण्याआधी वायरच भाजली असती. लोकांना कल्पना नसते म्हणून सांगतो, घरात १००० वॅटचं काही लावलं तर साडेचार अँपियर जातात, तेच १००० वॅट १२ व्होल्टवर इन्व्हर्टरमधून घ्यायचे म्हटलं तर ९० च्या आसपास अँपियर बॅटरीतून ओढले जातात. १२ व्होल्टने शॉक लागत नाही म्हणून माणसं बिनधास्त असतात. शॉक नाही लागत, पण आग लागते.

वायरच्या जाडीचं अजून एक आहे, त्याने आग नाही लागत पण पैसे वाया जातात. आमची मागची बॅटरी पहिल्यापासून कधी नीट भरायचीच नाही. वर्कशॉपवाले म्हणायचे बॅटरी खराब निघाली, बदला. हिशोब मांडून बघितला असता तर कळलं असतं. सहा एमएमच्या तांब्याचा रेझिस्टन्स मीटरला साधारण तीन मिलिओहम. जायला पाच मीटर, यायला पाच मीटर, झाले तीस मिलिओहम. ३० अँपियर चार्जिंग चालू असेल तर वायरमधेच ०.९ व्होल्ट गेले. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) १४.२ देतोय आणि मागच्या बॅटरीला पोचतात १३.३. लेड ॲसिडला पूर्ण भरायला १४ च्या वर लागतं. ती बिचारी अर्धपोटी राहून प्लेटांवर सल्फेट धरणार आणि वर्षा-दीडवर्षात मरणार, आणि दोष बॅटरी बनवणाऱ्याला. १६ एमएम टाकली की तोच ड्रॉप तिसऱ्या हिश्शावर येतो. महाग पडते मान्य आहे. आपल्याकडे बरेच जण वेल्डिंग केबल वापरतात, बारीक तारांची असल्याने हलून तुटत नाही, चांगली असते, पण घेताना ब्लेडने तारा खरवडून बघा, आत पांढरट निघालं तर तांब्याचा नुसता मुलामा आहे, ती घेऊ नका.

मूळ प्रश्न असा की दोन बॅटऱ्या लागतातच कशाला. गाडीची बॅटरी सेल मारायला बनवलेली असते, पातळ प्लेटा, दोन सेकंदात दणकून करंट देणार आणि लगेच परत भरणार. तिच्यावर रात्रभर पंखा चालवला की सकाळी गाडी चालू होत नाही, आणि असं पाच-सहा वेळा पूर्ण उतरवली की ती गेलीच. म्हणून राहण्यासाठी वेगळी बॅटरी. पण ती नुसती समांतर जोडून चालत नाही, कारण मग मागची उतरली की पुढचीही तिच्याबरोबर उतरते. मधे काहीतरी लागतं, जे गाडी चालू असताना दोघींना जोडेल आणि बंद झाली की तोडेल. आमच्या गाडीत वायरच्या मागच्या टोकाला साधा रिले (विजेवर चालणारा स्विच) होता, किल्लीच्या इग्निशनवर लावलेला, ही पण चूक. किल्ली फिरवली की इंजिन चालू व्हायच्या आधीच रिले जोडला जातो, मग सेल मारताना स्टार्टर मागच्या बॅटरीकडूनही त्या बारक्या वायरमधून करंट ओढतो. रिले लावायचाच तर अल्टरनेटरच्या चार्जिंग लॅम्पच्या टर्मिनलवरून, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करायला लागला तरच जोडेल. किंवा व्होल्टेज बघून जोडणारा रिले मिळतो, तो साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो. जुन्या गाडीत आणि लेड ॲसिडला तो पुरतो.

नव्या गाड्यांचं वेगळं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला आणि बऱ्याच नव्या गाड्यांत अल्टरनेटरला इंजिनचा कॉम्प्युटर चालवतो, डिझेल वाचवायला बॅटरी भरलेली दिसली की व्होल्टेज साडेबारापर्यंत खाली आणतो, ब्रेक मारला की परत वर नेतो. व्होल्टेजवर चालणारा रिले तिथे गोंधळतो, जोड-तोड करत बसतो आणि मागची बॅटरी रिकामीच. अशा गाडीत डीसी टू डीसी चार्जर लावावाच लागतो, तो पुढून जे व्होल्टेज येईल ते घेऊन मागच्या बॅटरीला हवं तेवढं करून देतो. लिथियम बॅटरी टाकणार असाल तर जुन्या गाडीतही हाच लावा. लिथियमचा आतला रेझिस्टन्स इतका कमी की रिकामी असेल तर अल्टरनेटरकडून जेवढं मिळेल तेवढं ओढते, आणि गाडी उभी असताना इंजिन स्लो असतं, अल्टरनेटरचा पंखाही स्लो, मग अल्टरनेटर तापून जळतो. चार्जर ३० अँपियरचा घेतला की तो ३० च्या वर देतच नाही. फक्त त्याच्या इनपुटला ४० च्या आसपास जातात हे धरून वायर आणि फ्यूज घ्यायचे. आम्ही आता १६ एमएमची वायर आणि दोन्ही टोकांना ६० चे बोल्टवाले फ्यूज लावलेत.

किती बॅटरी घ्यावी हे मला खूप जण विचारतात. आमचा दिवसाचा खर्च असा. छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज चालू असताना चार अँपियर घेतो, उन्हाळ्यात अर्धा वेळ चालतो धरला तर दिवसाला ४८ एएच. दोन पंखे दीड-दीड अँपियरचे, आठ तास, २४. एलईडी लाईट आणि मोबाईल मिळून १०. झाले ८२. आता १५० एएचची लेड ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे हातात ७५, दिवस पुरा निघत नाही. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट ८०-९० टक्के वापरता येते म्हणून ती पुरते, कशीबशी. आणि ३० अँपियरच्या चार्जरने ते ८२ परत भरायला पावणेतीन-तीन तास गाडी चालवावी लागते. रोज एवढं ड्रायव्हिंग नसेल तर टपावर सोलर घ्या. इंडक्शन शेगडी मात्र डोक्यातून काढून टाका. ज्यांना लडाख-स्पितीला जायचंय त्यांनी एक लक्षात ठेवा, लिथियम बॅटरी शून्य डिग्रीच्या खाली चार्ज करायची नसते, वापरता येते पण चार्ज नाही, आतून कायमची खराब होते. थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी घ्या आणि बॅटरी गाडीच्या आत ठेवा.

अजून एक गोष्ट मी डोळ्याने बघितली आणि ती बघून झोप उडाली. एका कुटुंबाने घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची ट्यूब्युलर बॅटरी तशीच उचलून कॅम्परमधे पलंगाखाली ठेवली होती, वर दोन लहान पोरं झोपतात. ती बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. घरात ती बाल्कनीत किंवा जिन्याखाली मोकळ्या हवेत असते, इथे बंद खोकं. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने पेट घेतो आणि त्याच गाडीत चार फुटांवर गॅसची शेगडी. मी त्यांना तिथेच बसून समजावलं, त्यांनी ऐकलं, बॅटरी काढली. पाण्याची बॅटरी वापरायचीच असेल तर झाकणबंद पेटीत आणि पेटीच्या वरच्या भागातून गाडीच्या बाहेर हवा जाईल असा पाईप काढून. आणि कुठलीही बॅटरी असो, पट्ट्याने फ्लोअरला आवळून बांधा, ४०-५० किलोचं धूड अचानक ब्रेक मारल्यावर पुढे येतं.

बारीकसारीक बरंच आहे, सगळं लिहीत नाही. भोकाला ग्रोमेट, वायरवर फ्लेक्सिबल पाईप, थिंबल (वायरच्या टोकाला लावायचा धातूचा तुकडा) पकडीने चेपू नका, क्रिंपिंग टूलनेच दाबा. घरच्या एसी सप्लायचा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) बॅटरीच्या डीसीला नको, एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून त्यातली ठिणगी विझते, डीसी कधीच शून्यावर येत नाही. मायनस बॉडीला घ्यायचा तर रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर. आणि गाडीत दोन बॅटऱ्या आहेत असं बोनेटखाली मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, कारण कुठलाही मेकॅनिक पुढचं टर्मिनल काढतो आणि गाडी आता डेड आहे समजून हात घालतो, पण जोडणारा रिले चिकटून बसला असेल तर मागची बॅटरी अजून चालूच असते.

साहेब, २०२१ मधे आपल्या राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चांगली गोष्ट आहे, लोक फिरतायत, आमच्यासारखे म्हातारे पण फिरतायत. गाडीत फेरफार करताना मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि आरटीओची परवानगी हे सगळं आहेच, त्यावर जाणकारांनी लिहावं. माझं मागणं गाडी बनवून घेणाऱ्यांकडे आहे. पैसे द्यायच्या आधी वर्कशॉपकडून वायरिंगचा नकाशा मागून घ्या, हाताने काढलेला चालेल, कुठली वायर किती एमएमची, कुठून कुठे गेली, फ्यूज कुठे आणि किती अँपियरचा. जो मिस्त्री नकाशा काढून देऊ शकत नाही त्याला स्वतःलाच माहीत नाही त्याने काय केलंय. प्लायवूड ठोकायच्या आधी वायरिंगचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि नकाशा हातात आला की बोट ठेवून बघा, प्रत्येक बॅटरीच्या प्लसमधून निघणाऱ्या प्रत्येक वायरवर वीतभर अंतरात फ्यूज दिसतोय का. एखाद्या वायरवर दिसला नाही तर गाडी तिथेच ठेवा, घेऊन येऊ नका.

आयटीआयमधल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनाही सांगतो, वायरमनच्या पोरांना एक दिवस १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या देऊन बसवा. या पोरांना उद्या हीच कामं मिळणार आहेत, सोलर, ई-रिक्षा, कॅम्पर, सगळीकडे बॅटरीच आहे, आणि आपण त्यांना अजून एका बाजूने येणाराच सप्लाय शिकवतोय. बोलावलंत तर मी येईन, फी नको. फोंडा घाटातला जळलेला तीन फुटांचा वायरचा तुकडा मी फेकलेला नाही, तो घेऊन येतो, पोरांना हातात घेऊन बघू दे.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक (वायरमन ट्रेड), मिरज